मागच्या दाराची किल्ली

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात उभारलेली ही वास्तू. तेव्हा तिला पॅलेस थिएटर म्हणत. पाठीला पाठ लावून खासबागचे कुस्ती मैदान. त्या मैदानाच्या बाजूने आग लागली, रंगमंचात शिरली आणि बघता बघता छप्पर, पडदे, खुर्च्या सगळे घेऊन गेली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. रस्त्यावर उभे राहून कोल्हापूरचे कलावंत ढसाढसा रडले.

जीवितहानी झाली नाही, कारण प्रयोग चालू नव्हता. नंतर चर्चा झाली ती आगीच्या कारणाची, वारशाची, पुनर्बांधणीच्या निधीची. ती व्हायलाच हवी होती. पण नाट्यगृह भरलेले असते, दुसरा अंक रंगात आला असता, तर लोक कोणत्या दारांनी आणि किती मिनिटांत बाहेर पडले असते, हा प्रश्न त्या मानाने कमीच ऐकू आला. आणि हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. गावोगावची नाट्यगृहे, समाजमंदिरे, मंगल कार्यालये, वाचनालयांची सभागृहे, सोसायट्यांचे हॉल यांना तो तसाच लागू आहे. या इमारती ‘सर्वांच्या’ असतात. त्यांचे मागचे दार मात्र बहुतेक वेळा कुलूपबंद असते, आणि किल्ली कुणाकडे आहे हे विचारले की तीन माणसांची नावे निघतात आणि त्यातला एक गावाला गेलेला असतो.

सार्वजनिक इमारतींतल्या मोठ्या आगींचा इतिहास वाचत गेले की तो ज्वाळांपेक्षा दारांचाच इतिहास आहे असे वाटू लागते.

त्यातले सर्वांत बोलके प्रकरण शिकागोचे. इरोक्वाय थिएटर नोव्हेंबर १९०३मध्ये उघडले आणि त्याच्या जाहिरातीत ‘संपूर्ण अग्निरोधक’ असे छापले होते. ३० डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, दुपारचा खेळ मुलाबाळांनी आणि त्यांच्या आयांनी गच्च भरला होता. रंगमंचावरच्या आर्क दिव्याची ठिणगी मलमलीच्या पडद्याला लागली. तिथे नेमलेल्या फायरमनकडे विझवायला होत्या पत्र्याच्या नळ्या, आत पूड भरलेली. ती ज्वाळांवर फेकायची. आग डोक्याच्या वर, पूड खाली पडत राहिली. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये सोडायचा अॅस्बेस्टॉसचा पडदा निम्म्यात अडकला. रंगमंचाच्या छतात धूर वर निघून जावा म्हणून झरोके ठेवलेले होते, ते बंद करून टाकलेले. मग जीव वाचवायला कलाकारांनी मागचे दार उघडले, थंड हवेचा लोट आत आला आणि वर जायला वाट नसलेली आग अर्ध्या पडद्याखालून प्रेक्षागृहात घुसून थेट बाल्कनीवर गेली.

बाल्कनीतल्यांचे काय झाले ते वाचवत नाही, पण वाचायला हवे. बाहेरची काही दारे शोभेच्या पडद्यांआड लपलेली होती. काही दारांना अशा प्रकारची कडी होती की शिकागोच्या सामान्य माणसाने ती कधी पाहिलेलीच नव्हती. काही दारे आतल्या बाजूला उघडणारी. मागून रेटा आला की ती उघडणे अशक्य. आणि जिन्यांवर लोखंडी जाळीची दारे कुलूप लावून बंद केलेली. का? तर स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांनी खेळ सुरू झाल्यावर खाली येऊन महागड्या खुर्च्या बळकावू नयेत म्हणून. ६०२ माणसे मेली. थिएटर उघडण्याआधी जवळच्या अग्निशमन केंद्राच्या कप्तानाने आत फेरफटका मारून उणिवा पाहिल्या होत्या. काही घडले नाही. खटले वर्षानुवर्षे चालले आणि मालक-व्यवस्थापकांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही.

या घटनेतून एक गोष्ट मात्र निघाली. इंडियानापोलिसचा कार्ल प्रिन्झलर हा कड्या-कुलुपांच्या धंद्यातला माणूस त्या खेळाला जायचा होता, कामामुळे राहिला. बाहेरून कुणी आत येऊ शकणार नाही, पण आतून नुसता धक्का दिला की उघडेल असे दार करता येईल का, हे त्याच्या डोक्यात बसले. १९०८मध्ये अशी आडवी दांडी बाजारात आली. मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये मागच्या दाराला कमरेच्या उंचीवर जी दांडी दिसते, ती हीच. तिला ‘पॅनिक बार’ म्हणतात. घाबरलेल्या माणसाला विचार करायला वेळ नसतो, मागची गर्दी त्याला दारावर ढकलत असते. तो ढकलला गेला की त्याच्याच वजनाने दार उघडते. फुकट्यांना आणि चोरांना अडवायचे आणि आतल्यांना मोकळे ठेवायचे, या दोन्ही गरजा एकाच यंत्राने भागतात. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या बहुतेक हॉलच्या मागच्या दाराला अजून अलीगढी कुलूपच आहे.

शिकागोच्या अगदी उलट घडले ते एडिनबरोला. ९ मे १९११, एम्पायर पॅलेस थिएटर, ‘द ग्रेट लाफायेत’ या नावाने गाजलेल्या जादूगाराचा प्रयोग. रंगमंचावर आग लागली. सुरक्षा पडदा खाली आला, वादकांनी राष्ट्रगीत वाजवायला घेतले, लोक सवयीने उभे राहिले आणि सुमारे तीन हजार माणसे अडीच मिनिटांच्या आसपास बाहेर पडली. प्रेक्षकांतले कुणी मेले नाही. पडद्यामागे मात्र लाफायेतसह अकरा जण गेले. जादूचे गुपित फुटू नये म्हणून त्याने रंगमंचामागचे दार बंद ठेवायला लावले होते, असे सांगतात. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच आगीत, उघड्या दारांच्या बाजूला तीन हजार वाचले आणि बंद दाराच्या बाजूला अकरा गेले.

हे सगळे परदेशातले आणि जुने म्हणून सोडून द्यावे तर दिल्लीचे उपहार आहे. १३ जून १९९७, दुपारचा खेळ, चित्रपट ‘बॉर्डर’. तळमजल्यावर वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर. सकाळीच त्यात बिघाड होऊन दुरुस्ती झाली होती, तीही धड नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास ठिणग्या उडाल्या, ट्रान्सफॉर्मरचे तेल गळून पेटले आणि शेजारी उभ्या केलेल्या गाड्या धडाधड पेटल्या. आग वर आलीच नाही. धूर आला. जिन्याच्या पोकळीतून तो थेट बाल्कनीत शिरला. पडद्यावर चित्रपट चालूच होता. घोषणा झाली नाही, आपत्कालीन दिवे लागले नाहीत. बाल्कनीच्या उजव्या अंगाचे बाहेर पडायचे दार बंद होते, कारण तिथे आठ खुर्च्यांची खास बैठक केलेली होती, आणि हा बदल काही रातोरात केलेला नव्हता, १९७८ साली सरकारी मंजुरी मिळवून केलेला होता. जादा खुर्च्या बसवून जाण्यायेण्याच्या वाटाही अरुंद केलेल्या. ५९ माणसे गेली, गुदमरून. शंभराहून अधिक जखमी.

आगीत माणूस जळून मरतो, ही आपली ठाम समजूत. प्रत्यक्षात बंद इमारतीत बहुतेक माणसे ज्वाळा अंगाला लागण्याआधीच धुराने पडतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. थोड्याच वेळात पाय गळतात, डोके चालेनासे होते, समोरचे दार दिसत असून उघडण्याचे सुचत नाही. त्यात आताच्या खुर्च्यांचा फोम, छताखालचे थर्माकोल, सिंथेटिक पडदे. पॉलियुरेथेनचा फोम जळला की हायड्रोजन सायनाइड निघतो. जुन्या नाट्यगृहात लाकडी खुर्च्या टोचायच्या. नव्या गुबगुबीत खुर्च्या टोचत नाहीत, पण पेटल्या तर विष ओकतात. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ला कमला मिलमधल्या रेस्टॉरंटांच्या आगीत १४ जण मेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते. तिथे पाणी होते, दुसरे दार नव्हते.

गरम धूर आधी छताला जाऊन साठतो आणि मग खाली उतरत येतो. म्हणून रांगत बाहेर पडा असे सांगतात. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर बराच वेळ श्वास घेण्याजोगी हवा असते. उपहारमध्ये, शिकागोत सर्वाधिक बळी बाल्कनीतलेच का, याचेही उत्तर हेच. आपल्याकडे नाटकाला बाल्कनीचे तिकीट स्वस्त म्हणून तिथे कॉलेजची मुले बसतात, किंवा लग्नाच्या हॉलमध्ये वरच्या मजल्यावर जेवणाची पंगत असते. वरच्या लोकांना खालच्यांपेक्षा कमी वेळ मिळतो आणि उतरायला जिना एकच असतो.

लग्नाच्या हॉलकडे जरा निवांत पाहू, कारण नाटक वर्षात दोनदा बघणारा माणूस लग्नांना वीसदा जातो. दर्शनी कमान कापडाची आणि कृत्रिम फुलांची. आत छत दिसू नये म्हणून सॅटिनचे सीलिंग, त्यातून गेलेल्या वायरी, वायरींना टेपने जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर हॅलोजन. स्टेजमागे डेकोरेटरची खोकी, थर्माकोलचे उरलेले तुकडे. मागचे दार आहे, नकाशात दाखवलेले आहे, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘बाहेर’ असेही आहे. पण समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत छतापर्यंत गेलेली आणि दाराच्या वरच्या बोल्टवर मागच्या रंगकामाचा रंग इतका साचलेला की तो बोल्ट आता दाराचाच भाग झाला आहे. त्या दाराबाहेर केटररचे स्वयंपाकघर: गॅसच्या सिलिंडरांची रांग, कढईत तापलेले तेल, पत्र्याची शेड. कोपऱ्यात भिंतीला टांगलेला लाल सिलिंडर. त्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर भरल्याची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. ती एकदा वाचून पाहावी. पुढची तारीख कधीच मागे पडलेली आढळली, तर मला तरी आश्चर्य वाटणार नाही.

आणि या सगळ्यात नवरीच्या प्रवेशाला दोन्ही बाजूंनी कारंजी उडतात. ‘कोल्ड पायरो आहे, काही होत नाही,’ असे इव्हेंटवाला सांगतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइट क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ला वाद्यवृंदाच्या मागे अशीच शोभेची कारंजी उडवली. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या फोमने पेट घेतला आणि दीड मिनिटाच्या आत आतली हवा श्वास घेण्यालायक उरली नाही. शंभर माणसे मेली. आत चित्रीकरण करणारा माणूस होता म्हणून सगळे घडताना दिसते. एक गोष्ट पाहून सुन्न व्हायला होते: बाहेर पडायची आणखी दारे असूनही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे गेले. हा माणसाचा स्वभाव आहे. ओळखीची वाटच त्याला वाट वाटते. मागचे दार नुसते उघडे असून उपयोग नाही. ते आहे, हे लोकांना कार्यक्रम सुरू होण्याआधी माहीत असावे लागते.

मांडवाची गोष्ट आणखी वाईट. २३ डिसेंबर १९९५ला हरियाणातल्या डबवाली गावात एका मॅरेज पॅलेसमध्ये शाळेचे स्नेहसंमेलन चालू होते. वर सिंथेटिक कापडाचा शामियाना, आत मुले आणि पालक, बाहेर पडायला एकच मोठे दार. शॉर्ट सर्किटने शामियाना पेटला आणि वितळणारे कापड लोकांच्या अंगावर पडत गेले. चारशेहून अधिक माणसे मेली, त्यात निम्म्याहून जास्त मुले. डबवालीपासून आपण काय शिकलो, हे दर जानेवारीत गॅदरिंगच्या मांडवात मान वर करून पाहावे.

आता जबाबदारी कुणाची? ‘प्रशासनाची’ असे म्हणून मोकळे होता येते, पण कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे आणि डिसेंबर २००८पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार आगप्रतिबंधक व्यवस्था बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. सगळी यंत्रणा सुस्थितीत आहे असे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. व्यवहारात त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. फायरची एनओसी एकदा मिळाली की संपले, ही समजूत चुकीची. एनओसी इमारत बांधतानाची. फॉर्म बी दर सहा महिन्यांचा. धोका गंभीर वाटला तर इमारत रिकामी करायला लावण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकारही कायद्याने दिले आहेत.

कायदा चांगला आहे. अडचण अशी की सार्वजनिक इमारतीचा मालक म्हणजे कोण, हे कागदावर जितके स्पष्ट असते तितके जागेवर नसते. नमुना म्हणून महापालिकेचे नाट्यगृह घ्या. मालक महापालिका. ते ठेक्याने चालवायला दिलेले. ठेकेदाराने कँटीन तिसऱ्याला दिलेले. आज संध्याकाळी पाच तासांसाठी ते एका मंडळाने भाड्याने घेतले. मंडळाने सजावट डेकोरेटरला दिली, डेकोरेटरने रोषणाई एका वायरमनला. मागच्या दारासमोर सोफा ठेवला तो डेकोरेटरच्या पोऱ्याने, कारण पाहुण्यांना बसायला जागा हवी होती. दाराला कुलूप लावले होते ठेकेदाराच्या रखवालदाराने, कारण मागच्या महिन्यात माइक चोरीला गेला. सगळ्यांनी आपापल्या जागी शहाणपणाचेच काम केले, आणि त्या शहाणपणांची बेरीज म्हणजे बंद दार. त्यात आणखी एक गंमत: इमारत महापालिकेची, तपासणारे अग्निशमन दलही महापालिकेचे. आपल्याच आयुक्तांना नोटीस काढणारा अग्निशमन अधिकारी विरळाच. त्याचा हा दोष नव्हे, रचनेचा आहे. राज्याचा कारभार जिथून चालतो त्या मंत्रालयाचे वरचे मजले २१ जून २०१२ला भर दुपारी जळाले आणि पाच जण मेले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे आगीत दहा नवजात बालके गेली. त्यानंतर सगळ्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. ऑडिट झाले म्हणजे दुरुस्ती झाली असे नसते; अहवाल मिळणे आणि त्यासाठी निधी मिळणे या दोन टेबलांमध्ये बरेच अंतर आहे.

उपहारच्या भरपाईच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये जबाबदारीची वाटणी केली ती वाचण्यासारखी आहे. ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर, १५ टक्के वीज मंडळावर. महापालिका आणि परवाने देणारे पोलीस खाते यांच्यावर भरपाईचा बोजा टाकला नाही. या निकालावर टीका झाली, माझ्या मते रास्त टीका झाली; परवाना देणाऱ्याला काहीच झळ बसणार नसेल तर तो दार उघडून कशाला पाहील? पण इमारत चालवणाऱ्यांनी यातला दुसरा अर्थ ध्यानात घ्यावा. ‘आमच्याकडे परवानगी होती’ ही ढाल कोर्टात टिकत नाही. आठ खुर्च्यांच्या त्या बैठकीलाही परवानगी होती. वाचनालयाचे कार्यवाह, ट्रस्टचे विश्वस्त, सोसायटीचे सेक्रेटरी ही बिनपगारी पदे असतात, लोक हौसेने आणि कधी आग्रहाखातर ती घेतात. तरी उद्या काही झाले तर पोलीस पहिल्यांदा त्यांचेच दार ठोठावतात.

उपाय महागडे असतात म्हणून ते होत नाहीत, हेही अर्धेच खरे. स्प्रिंकलर, पाण्याची टाकी, पंप, हायड्रंट यांना पैसा लागतो आणि जुन्या वास्तूत ते बसवणे किचकटही असते. पण वर सांगितलेल्या घटनांमध्ये ज्या गोष्टींनी माणसे मेली त्यातल्या बऱ्याच टाळणे जवळपास फुकटचे होते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करणे म्हणजे सुताराचे एका दिवसाचे काम. राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडायची दारे बाहेरच उघडली पाहिजेत आणि सभागृहांत ती किमान दोन मीटर रुंद असली पाहिजेत असे सांगितलेले आहे. दोन फळ्यांच्या दाराची एक फळी कायम बोल्ट लावून ठेवली की ती रुंदी निम्मी होते, हे मोजायला इंजिनीअर लागत नाही. दुरुस्ती चालू असताना वेल्डिंग करायचे तर आधी पडदे आणि फोम हलवायचा आणि पाण्याची बादली घेऊन एक माणूस शेजारी उभा करायचा.

सिलिंडरबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण लोकांचा त्यांच्यावर फार भरवसा असतो. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. सुरुवातीची, कचऱ्याच्या टोपलीएवढी आग विझवायला तो उत्तम. पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. विजेच्या बोर्डाची आग असेल तर आधी मेन बंद करायचा आणि शक्यतो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरायचा. पाणी अजिबात नाही. पेटत्या तेलाच्या कढईतही पाणी नाही, झाकण टाकायचे आणि गॅस बंद करायचा. आग माणसाच्या डोक्यावर गेली असेल तर सिलिंडर तिथेच टाकून बाहेर पळायचे. १०१ किंवा ११२ला फोन करणे हे पहिले काम, ‘आधी बघू, आटोक्यात येते का’ हे नंतरचे. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो, कारण बंब आला की पेपरात बातमी येते आणि बातमी आली की कार्यालयाच्या तारखा जातात.

मला सगळ्यांत सोपा वाटणारा उपाय मराठी रंगभूमीच्या हातात आहे. आपल्याकडे तिसरी घंटा होते, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते, प्रायोजकांचे आभार मानले जातात. त्यातच अर्ध्या मिनिटाचे आणखी एक निवेदन: ‘प्रेक्षागृहाला इतकी दारे आहेत, तुमच्या डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक, सगळी उघडी आहेत.’ शेवटचे दोन शब्द बोलायचे असतील तर व्यवस्थापकाला आधी ती दारे खरेच उघडावी लागतील. विमानात हे दर उड्डाणाला सांगतात आणि कुणी त्यात अपशकुन मानत नाही. मंगल कार्यालयात मंगलाष्टकांआधी असे काही बोलणे लोकांना रुचणार नाही हे खरे. तिथे ते काम वधू-वरांच्या घरच्या एका जबाबदार माणसाने हॉल ताब्यात घेताना करावे. हॉल ताब्यात घेताना आपण भांडी मोजून घेतो, गाद्या मोजतो, पंखे चालतात का पाहतो. त्याच फेरीत मागचे दार स्वतःच्या हाताने उघडून पाहायचे. उघडले नाही तर व्यवस्थापकाला समोर उघडायला लावायचे आणि कार्य संपेपर्यंत किल्ली आपल्या खिशात ठेवायची. जनरेटर कुठे आहे, सिलिंडर कुठे ठेवलेत, बंब आला तर गाड्यांच्या गर्दीतून आत येईल का, एवढे तिथेच दिसते. ‘कोल्ड पायरो’ नको म्हणून सांगायचे. नवरीचा प्रवेश त्यावाचून काही अडत नाही.

सोसायटी, ट्रस्ट, वाचनालय, समाजाचे सभागृह यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत एकच प्रश्न लेखी द्यावा: गेल्या जानेवारीचा आणि जुलैचा फॉर्म बी दाखवा. हिशेबावर तासभर वाद घालणारी सभा हा प्रश्न विचारत नाही, म्हणून कार्यकारिणीलाही त्याची निकड वाटत नाही. ठरावात एका माणसाचे नाव लिहून घ्यावे, पदाचे नव्हे, की कार्यक्रमाच्या वेळी सगळी दारे उघडी आहेत हे तो पाहील. त्याच्या गैरहजेरीत कोण, तेही. आणि इमारत नगरपालिकेची किंवा शासनाची असेल तर साध्या कागदावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या दोन प्रमाणपत्रांच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर तेही उत्तरच आहे. ते घेऊन पुढच्या प्रयोगाच्या आधी नगरसेवकाकडे जा.